किशोरीच्या बोगद्याचं गाऱ्हाणं

काजरेवाडीत साधी विचारपूससुद्धा शिवीशिवाय होत नाही. “मेल्या, जेवलंस काय?” हे तिथलं प्रेम. नुसतं “जेवलात का?” असं कुणी विचारलं, तर घरातली माणसं आपलं काय चुकलं म्हणून एकमेकांकडे बघतात. अशा वाडीत जन्माला येऊन किशोरी राऊळने पन्नाशी उलटेपर्यंत एकाही माणसाला तोंडाने शिवी दिली नव्हती. ती सोज्वळ होती म्हणून नव्हे. सोज्वळ वगैरे ती मुळीच नव्हती. पण शिवी दिली की आपल्या मनात काय आहे ते समोरच्याला कळतं, आणि आपल्या मनातलं कुणाला कळावं हेच तिला मंजूर नव्हतं.

लहानपणी तिच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. पेटीला कुलूप, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. घराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं, अशा गावात एवढ्याशा पोरीची पेटी कुलूपबंद! बरोबरीच्या पोरींनी एकदा दगडाने कुलूप फोडलं. आत काही नव्हतं. रिकामी पेटी. बाईला कुलूप लावायला आवडायचं, बस्स. तेव्हापासून वाडी तिला ‘कुलपी’ म्हणते. गाव एकदा दिलेलं नाव परत घेत नाही.

मालवणच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन ती पुण्याला गेली आणि एका आरोग्यविम्याच्या कंपनीत चिकटली. लोकांच्या आजारपणाची कागदपत्रं तपासायची, कुणाचं अपेंडिक्स खरं आणि कुणाचं खोटं ते ठरवायचं. काम तिला मानवलं. जगाची गुपितं टेबलावर आणि आपलं तोंड बंद. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर वाडीत बरीच मतं होती आणि सगळी चुकीची होती. खरं कारण इतकं साधं होतं की कुणाला सुचलंच नाही: विचारायला आलेल्यांपैकी एकही तिला आवडला नव्हता.

पुण्यात ती भावाकडे राही, आणि भावाचं घर म्हणजे वहिनीचं घर. किशोरीचा मुक्काम बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. वहिनीची मालिका संपली की अंथरूण घालायचं, दूधवाल्याने घंटी वाजवली की गुंडाळायचं. कुलूप लावायला तिथे दारच नव्हतं. मग टाळेबंदी आली. कंपनीने प्रत्येकाच्या हातात लॅपटॉप दिला आणि घरून काम करा म्हटलं. किशोरी काजरेवाडीला आली ती आलीच. पुढे कंपनीने एकेकाला परत बोलावलं तेव्हा हिने अर्ज केला, की आई फार थकली आहे, तिला माझ्यावाचून कोणी नाही. अर्ज टाइप होत होता तेव्हा फार थकलेली आई, सुभद्रा, न्हाणीघराच्या छपरावर चढून फुटकं कौल बदलत होती आणि तिथूनच शेजारणीशी भांडत होती.

खरं कारण ताजे मासे. आणि त्याहूनही खरं कारण म्हणजे कडी लागणारं दार.

कंपनीने परवानगी दिली, पण अटी घातल्या. संगणक विभागातल्या तेजस्वी नावाच्या मुलीने त्या फोनवर समजावून सांगितल्या. “मॅडम, तुमचं घर आणि आपलं ऑफिस यांच्यामध्ये सगळं उघडं इंटरनेट आहे. वाटेत कुणीही डोकावू शकतं. म्हणून आपण एक बंद बोगदा टाकतो. तुम्ही तिकडून आत शिरायचं, ते थेट इथल्या तुमच्या कॉम्प्युटरवर निघायचं. बोगद्यात काय चाललंय ते मधल्या कुणालाही दिसत नाही.”

इतकं सुंदर वाक्य किशोरीला तोवर कुणी ऐकवलं नव्हतं. लग्नाचं विचारायला आलेल्यांपैकी एकजण जरी असं बोलला असता, तरी तिने विचार केला असता.

तेजस्वी पुढेही बरंच बोलली. पासवर्ड लांबलचक हवा, त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, एखादं चिन्ह हवं, आणि दर तीन महिन्यांनी तो बदलायला हवा. शिवाय दर वेळी मोबाइलवर आकडा येईल तो घालायचा. खोलीत दुसरं कुणी नको, लोकांच्या आजारांची माहिती असते. “आणि खुर्चीवरून उठताना बोगदा बंद करून उठायचं. विसरलात तर वीस मिनिटांनी तो आपोआप बंद होतो. असं रोज व्हायला लागलं तर मला वर कळवावं लागतं.” हे शेवटचं किशोरीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं मन बोगद्यात शिरलं होतं.

माजघराला लागून भाताच्या कणगीची खोली होती. कणगी बाहेर गेली, टेबल आत आलं, आणि सुताराने दाराला आतून पितळी कडी ठोकली. वाडीला हा उघड अपमान वाटला. शेजारची शेवंती दुसऱ्याच दिवशी चौकशीला हजर.

“दिवसाढवळ्या कडी घालून बसता! आत कोण आसा गो?”

“कोण असतलो?” सुभद्रा काजू सोलत म्हणाली. “बोगदो आसा.”

“कसलो बोगदो?”

“हयसून पुण्याक जाता. ती सकाळी जाता, सांजेक येता.”

“मगे माझ्या नातवाक तेवढी आमसुलां धाड गो त्यातसून. एस्टीवालो मेलो पार्सलाक भाडां मागता.”

शेवंती चेष्टा करत होती, पण पुढे महिनाभर वाडीत कुणी पुण्याचं नाव काढलं की “बोगद्यातसून जा” हा सल्ला ठरलेला.

आता त्या खोलीतली एक गोम. कोकणातल्या जुन्या घराच्या आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. पुरुषभर उंचीला त्या थांबतात, आणि वर कौलांखाली सगळ्या घराची हवा एक, धूर एक, आवाज एक. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक. किशोरीने दाराला कडी लावली ती पक्की होती, पण भिंतीवरून हत्ती जाईल एवढी वाट उघडी. जन्म त्या घरात गेल्यामुळे ते तिला कधी दिसलंच नाही. रोजच्या भिंतीकडे कोण मान वर करून बघतो?

दुसरी गोम तिच्या तोंडात. वाडीच्या शाळेत सगळी पोरं एका सुरात मोठ्याने वाचत, मोठ्याने लिहीत. किशोरी बोलायला कंजूष, पण लिहिताना तिचे ओठ हलायचे आणि ओठांबरोबर आवाजही निघायचा. आपण मनात म्हणतोय असं तिला वाटे. पुण्याच्या कचेरीत पंख्यांच्या घरघरीत ते कुणाला कळलं नाही. काजरेवाडीत पलीकडे सुभद्रा बसलेली असे.

पहिला पासवर्ड करताना किशोरी अडून बसली होती. एवढं लांबलचक आणायचं कुठून? तेवढ्यात बाहेर शेवंतीची टकळी सुरू झाली. किशोरीने दात आवळले आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: शेवंती म्हणजे फुटको ढोल. पुढे एक आकडा, एक चिन्ह. पडद्यावर हिरवी पट्टी उमटली: ‘अतिशय मजबूत’. बाईच्या आयुष्यातली पहिली शिवी, आणि चक्क शाबासकी! मग दर तीन महिन्यांनी एकाचा नंबर लागू लागला. भावाचा लागला. वहिनीचा दोनदा लागला. पन्नास वर्षं तुंबलेलं पाणी त्या एवढ्याशा चौकटीतून वाहू लागलं आणि कंपनी प्रत्येक वेळी ‘अतिशय मजबूत’ म्हणत राहिली.

या खेपेला नंबर शिवा गावकराचा होता. शिवा गावकर म्हणजे वाडीचा मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. वय सत्याहत्तर, कान थोडे जड, नाक मात्र तल्लख. कुणाच्या घरी कालवण उतरलं की पाच मिनिटांत हा “काय चल्लाहा?” म्हणत पडवीत. दिवाळीनंतर एकदा किशोरीने स्वतःसाठी राखलेली सुरमईची मधली तुकडी त्याने खाल्ली होती. तिने हसून आणखी भात वाढला. मग खोलीत जाऊन कडी लावली आणि पासवर्ड बदलला: शिवो गावकार फुकटखाऊ बोको, पुढे ईमेलच्या पत्त्यात असतो तो वळशाचा ‘अ’, आणि मग सत्याहत्तर. रोज सकाळी ती हे चवीने पुटपुटे. पलीकडे सुभद्रा गालात हसे. तिने ते वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास बोगदा कोसळायला लागला. रोज अकराच्या आसपास. पुन्हा आत शिरायला पासवर्ड, पुन्हा मोबाइलवरचा आकडा, घाईत काही चुकलं की खातंच बंद, मग तेजस्वीला फोन.

“मॅडम, इकडे असं दिसतंय की अकराला तुम्ही मशीनवर काहीच करत नाही. उठता का कुठे?”

“छे! मी बसूनच असते.”

“नक्की ना?”

“उठून जाऊ कुठे? आई अशी.”

अकराला काय व्हायचं ते वाडीतलं कुत्रंही सांगू शकलं असतं. दिवाळी झाल्यापासून नाझमीनने वाडीत फेरी सुरू केली होती. मालवण बंदरातला सकाळचा लिलाव आटपून नाझमीन स्कूटरवर माशांची पेटी बांधून निघे, ती अकराला खळ्यात, म्हणजे अंगणात, हॉर्न वाजवी. किशोरी उठे. “पाच मिनिटांचं काम,” ती स्वतःला सांगे. त्या पाच मिनिटांत ती प्रत्येक बांगड्याचा कल्ला उचलून बघे, भाव ऐकून मागे फिरे, नाझमीनने “ताई, तुमच्यासाठी म्हणान” म्हटलं की परत येई, नाझमीनच्या सासूचे गुडघे आणि नणंदेचा स्वभाव ऐकून घेई, आणि शेवटी मूळ भावालाच मासे घेई. पुण्याच्या मुलीला हे काय सांगायचं? आई थकली म्हणून परवानगी घेतली आणि उठते ती कोलंबीसाठी! त्यापेक्षा “बसूनच असते” बरं.

तेजस्वी भली मुलगी. तिने विश्वास ठेवला आणि भलतीकडे शोधू लागली. लॅपटॉपातलं एकेक काढून पुन्हा घालून पाहिलं. शेवटी वायरचा दोष असेल म्हणाली, म्हणून किशोरीने खालिदला बोलावलं. वाडीत इंटरनेटची जोडणी खालिदची, आणि नाझमीन ही खालिदचीच बायको. तो पोफळीला शिडी लावून वर गेला, वायर चाचपली, खाली उतरला.

“वायर ठणठणीत आसा, ताई. आणि अकराक काय होता तां माका कित्याक विचारतास? माझे बायलेक विचारा. ती त्या वेळाक हयच असता.”

“तू वायरपुरतं बघ.”

“बघलंय. म्हणानच सांगतंय.”

शनिवारी वाऱ्यामुळे होड्या गेल्या नाहीत. नाझमीन आली नाही. किशोरी दिवसभर खुर्चीवर बसली आणि बोगदा दिवसभर टिकला. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. आता कारण सांगायचं म्हणजे आपण इतके दिवस खोटं बोललो ते सांगायचं. त्याच संध्याकाळी तेजस्वीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“मॅडम, मोठ्या साहेबांपर्यंत गेलंय. सोमवारी ते स्वतः तपासणार. सकाळी दहापासून कॅमेरा आणि माइक दोन्ही चालू ठेवायचे, खोलीत आणि आजूबाजूला कोण आहे ते त्यांना कळलं पाहिजे. मधे उठायचं नाही. ते म्हणतात, कारण सापडलंच पाहिजे. नाही सापडलं तर तुमची खुर्ची पुण्यात.”

पुण्यात म्हणजे दिवाणावर. किशोरीने फोन ठेवला आणि मोठा श्वास घेतला. भिंतीपलीकडे सुभद्राने तो श्वाससुद्धा ऐकला.

सुभद्राने लेकीला काही विचारलं नाही. विचारून किशोरीने काही सांगितल्याचा पूर्वानुभव नव्हता. ती सरळ शिवा गावकराकडे गेली. घराच्या मागे फणसाखाली राखणदार देवाची जागा आहे. राऊळांच्या हद्दीची राखण त्याच्याकडे, त्यामुळे बोगदा या हद्दीतून निघत असेल तर तोही त्याच्याच खात्यात, असा तिचा रोकडा हिशेब. शिवा गावकराने काम हाती घेतलं आणि प्रश्न विचारायला लागला.

“कधीपासून होता ह्यां?”

“दिवाळी झाल्यापासून.”

“खंयच्या वेळाक?”

“अकराक.”

“तेच्या आधी कोण उठता, कोण बसता?”

तेजस्वीचेच प्रश्न. फरक एवढाच, की सुभद्राने खरी उत्तरं दिली. पुण्याच्या कचेरीला फसवता येतं, फणसाखालच्याला कसं फसवणार? तो तिथून सगळं बघतो. शिवाय गाऱ्हाणं अर्धवट घातलं तर काम अर्धवट होतं. मागे एकाने हरवलेल्या म्हशीचं गाऱ्हाणं घातलं आणि म्हशीची खूण सांगायची राहिली, तर दुसऱ्याचीच म्हैस दारात येऊन उभी राहिली. तो तंटा अजून मिटलेला नाही.

“देवाक सगळां सांगूक व्हया, वयनी,” शिवा गावकर म्हणाला. “वाट खंयची, दार खंयचां, चावी कसली. सोमवारी तू बाजूक उबी रव आणि माझ्या कानात सांगत जा. मी बोलतंय.”

सोमवारी किशोरी इस्त्रीची साडी नेसून पडद्यासमोर बसली. एका चौकटीत तेजस्वी, दुसऱ्या चौकटीत साहेब. साहेबांचा चेहरा असा, की त्यांच्या घरीही कुणी पाच मिनिटं उठत नसावं. अकरा वाजत आले. खळ्यात हॉर्न वाजला. किशोरी हलली नाही. हॉर्न पुन्हा वाजला, आणि मग बंद झाला.

“आज तर सगळं व्यवस्थित चाललंय,” साहेब म्हणाले. “मग रोज काय होतं? मला कारण हवंय, राऊळ मॅडम.”

किशोरीने तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

“बा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हा आवाज एका माणसाचा नव्हता. अर्धी वाडी मागच्या दारी जमलेली होती.

“आज ह्या राऊळांच्या घराकडसून तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेयलेलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?” साहेबांनी विचारलं.

“शेजारी पूजा आहे,” किशोरी म्हणाली.

“ह्या घरचां चेडू किशोरी,” शिवा गावकराचा आवाज चढला, “कडी घालून खोलयेत बसता आणि बोगद्यातसून पुण्याच्या कचेरीत जाता. तो बोगदो रोज अकराक कोसाळता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

साहेबांनी तेजस्वीकडे बघितलं. तेजस्वी कान देऊन ऐकत होती. किशोरीने माइककडे हात नेला आणि मागे घेतला. उठून बाहेर धावावं तर उठायची बंदी, माइक बंद करावा तर तीही बंदी. बाहेर सुभद्राची कुजबुज आणि तिच्यामागोमाग गावकराचा खणखणीत आवाज, असं सुरू झालं. कान जड असल्यामुळे त्याचं सगळं लक्ष शब्द पकडण्यात होतं. शब्दांचा अर्थ लावायला फुरसत नव्हती.

“अकराक नाझमीन मासे घेवन येता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेव्हा ही खुर्चयेवरसून उठता, अर्धो-पाऊण तास कल्ले उचलीत रवता, आणि कचेरीक सांगता मी बसान आसंय म्हणान! ह्यां जां खोटां बोललां गेलां, तां पोटात घाल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात नाझमीनचाही आवाज होता. तिने स्कूटर लावली होती.

“अर्धा-पाऊण तास?” तेजस्वीने डोळे विस्फारले. “मॅडम, मासे?”

“आणि त्या बोगद्याची चावी काय ती ऐक म्हाराजा, म्हणजे तुका वाट चुकाची नाय!” गावकर दम घ्यायला थांबला. सुभद्रा कुजबुजली. “शिवो गावकार!”

“व्हय म्हाराजा!”

“फुकटखाऊ बोको!”

“व्हय म्हाराजा!”

“मगे वळशाचो अ! मगे सत्याहत्तर!”

“व्हय म्हा...” इथे मात्र वाडीचा आवाज अर्ध्यात तुटला. कुणीतरी फसकन हसलं. मग अडखळलेल्या गावकराचा आवाज, या वेळी हळू. “वयनी, ह्यां माझ्या तोंडात कोणाचां नाव घातलंस?”

“तुझांच.”

मग तो म्हणाला, “फुकट खातंय तां खरां. देवापुढे नाय कशी म्हणतलंय? पण बोको कित्याक?”

“वळशाचो अ म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं.

“सर,” तेजस्वीने तोंडावर हात धरला होता, “तो बहुतेक पासवर्ड आहे.”

त्या क्षणी किशोरीच्या आत काहीतरी सटकलं. ती खुर्चीवरून उठली नाही, पण मान वर करून भिंतीच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघत ती ओरडली: “गे आये, तुझ्या तोंडाक आग लागली ती! गप रवशीत काय, गे रांडे?”

बाहेरून शेवंतीचा आनंदाने फाटलेला आवाज आला. “आयलाऽ, कुलपी बोलली गो!”

किशोरी पडद्याकडे वळली. एकदा तोंडातून निघालंच होतं, तर बाकीचंही निघू दे. “साहेब, कारण सापडलं. मी रोज मासे घ्यायला उठते आणि बोगदा उघडा टाकून जाते. तेजस्वीला खोटं सांगितलं, तिची चूक नाही. पासवर्ड आत्ता सगळ्या वाडीला कळला, तो या क्षणी बदलायला हवा. काय करायचं ते करा.”

साहेब बोलणार, इतक्यात भिंतीच्या माथ्यावर एक पांढरं डोकं उगवलं. खालिदने पोफळीला टेकून ठेवलेली शिडी सुभद्राने आत आणून भिंतीला लावली होती. तिने दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली आणि खाली पडद्याकडे डोकावून विचारलं, “काय गो, सुरू झालो काय बोगदो?”

“या कोण?” साहेब म्हणाले.

“आई.”

“थकलेल्या?”

सुभद्राने साहेबांना भिंतीवरून नमस्कार केला. “जेवलात काय, बाबानू?”

साहेबांचा चेहरा हलला. हसले म्हणता येणार नाही, पण काहीतरी झालं. मग ते शांतपणे म्हणाले, की मी कारण मागितलं होतं, ते मिळालं. वायरचा दोष असता तर तो पुन्हा आला असता, हा दोष उठताना एक बटण दाबलं की जातो. खोटं बोललात ते मात्र तुमच्या नावावर लिहिलं जाईल. पासवर्ड माझ्यासमोर बदला, ओठ मिटून, सकाळी ते हलताना दिसले. मासे जेवणाच्या सुट्टीत घ्या. आणि त्या खोलीला महिनाअखेरपर्यंत वरून छत घाला. छत झालं नाही, तर पुण्याची खुर्ची तयार आहे.

“नारळ फोडू काय रे मगे?” बाहेरून गावकराने विचारलं.

“फोड,” सुभद्रा शिडीवरून म्हणाली. “जालां काम.”

राखणदाराने काम केलं याबद्दल वाडीत आज कुणाला शंका नाही. तेजस्वीने तीन आठवडे शोधून जे सापडलं नाही, ते एका नारळात सापडलं. खालिदचं म्हणणं, आपण ते फुकट सांगितलं होतं.

छत झालं. फळ्या मारल्या, फटी बुजवल्या, आणि किशोरीला आयुष्यात प्रथमच चारी बाजूंनी आणि वरून बंद अशी खोली मिळाली. पण गंमत अशी की तिचं तिथे मन लागेना. सुभद्रा तर उघडच रुसली. “आवाज येयना. मगे बोगदो उबो आसा काय पडलो, माका कसां कळात?” म्हणून ती दर तासाला दार ठोठावी. आणि किशोरीच्या तोंडाचं कुलूप एकदा फुटलं ते पुन्हा लागलंच नाही. ती नाझमीनला माशांच्या भावावरून शिव्या देऊ लागली, शेवंतीला तोंडावर फुटको ढोल म्हणू लागली. वहिनीला तिने फोन करून इतक्या वर्षांचं एकदम सांगून टाकलं. वाडी खूश झाली. माणूस माणसात आलं म्हणाली.

तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा किशोरी चौकटीसमोर नुसती बसून राहिली. ज्याचं त्याला सकाळीच तोंडाने देऊन झालेलं. आत काही शिल्लक नाही. तिने कसंबसं काही टाइप केलं, पट्टी लाल झाली.

“मॅडम, चौथ्यांदा ‘कमकुवत’ दाखवतंय,” फोनवर तेजस्वी म्हणाली. “आठवा ना काहीतरी. पूर्वी किती छान असायचे तुमचे.”

बाहेर कालवण उतरलं होतं. पडवीत काठी आपटल्याचा आवाज झाला आणि दारावर टकटक झाली. छतामुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“किशोरी, माका काढलंस काय गो त्या चावयेतसून?” शिवा गावकर विचारत होता.

“कधीच काढलंय.”

गावकराने काठी पुन्हा आपटली. आवाजात किंचित नाराजी होती. “मगे आता कोणाक घातलंस?”

किशोरीने फोन ठेवला, बटण दाबून बोगदा बंद केला, कडी काढली आणि दारात उभी राहिली. गावकराचं नाक स्वयंपाकघराच्या दिशेने वळलेलं होतं.

“सुरमय काय गो?”

“बस, मेल्या फुकटखाऊ बोक्या,” किशोरी त्याच्या तोंडावर म्हणाली आणि पाट मांडला. “मधली तुकडी माझी. हात लावलंस तर बघ.”